चार बोटं मागे

अमरावतीत बडनेरा रोडला माझं गॅरेज होतं. आता ते पुतण्या चालवतो आणि मी दाराशी खुर्ची टाकून त्याच्या चुका काढतो. संपादकसाहेब गाडीच्या कामाला आले होते, ते म्हणाले, ‘हमीदभाई, धंद्याबद्दल काहीतरी लिहा, दिवाळी अंकाला पाहिजे.’ मी म्हटलं, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात मावेल तेवढं लिहितो. शुद्धलेखन तुमच्याकडे, गाड्या माझ्याकडे.

गाड्या दुरुस्त करून पोट भरलं, पण नाव झालं ते पारखीमुळे. जुनी गाडी घ्यायची असली की लोक आधी मला घेऊन जात. अमरावती, अकोला, परतवाडा, पार वरुडपर्यंत. मी हो म्हटलं तर सौदा, मान हलवली तर चहा पिऊन परत. विकणारे मला पाहिलं की तोंड वाकडं करत, आणि मला त्याचा आनंद होई हे कबूल करतो.

माझी रीत साधी होती. बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी मागच्या सीटवर जाऊन बसायचं आणि मालकाला गाडी चालवायला सांगायचं. विकणारा पुढची बाजू पुसून-पासून ठेवतो, मागची विसरतो. मागे बसलं की गिअरबॉक्स रडतो का, चेसिस कुठे कुरकुरते, सगळं ऐकू येतं. मग पुढे येऊन पायाखालचं रबर पाहायचं. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण रबरावर ड्रायव्हरची टाच जिथे वर्षानुवर्षं टेकते तिथे खळगा पडतो, तो कोणी फिरवू शकत नाही. खळगा कुठे आणि किती खोल, त्यावरून मी सांगत असे की हा माणूस उंच होता, एकटाच चालवत होता, घाईत होता. जुनी गाडी म्हणजे कोणीतरी काढून ठेवलेली चप्पल असते. पाय घातला की आधीच्याचा पाय कळतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. परतवाड्याचे एक गृहस्थ गाडी पाहायला सासूबाईंना घेऊन येत. चिखलदऱ्याच्या घाटात सासूबाईंना उलटी झाली की गाडी नापास. तीन गाड्या अशा नापास झाल्या. चौथ्या वेळी मी निघण्याआधी सासूबाईंच्या हातावर आलेपाक ठेवला आणि गाडी पास झाली. ती गाडी अजून फिरते, सासूबाई मात्र राहिल्या नाहीत.

मग ती वर्षं आली. कापसानं मान टाकली, गावोगाव पाहणी करणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या फिरू लागल्या. वर्तमानपत्रात काय येत होतं ते तुम्ही वाचलेलं आहे, मी सांगायला नको. माझ्याकडे ते गाड्यांच्या रूपानं आलं. औषधं-बियाण्याची दुकानं बंद पडली, कापसाची सरकी काढायच्या जिनिंग बंद पडल्या आणि त्यांच्या गाड्या विकायला निघाल्या. एका कृषी केंद्राची व्हॅन मी चांगली म्हणून पास केली होती. इंजिन ठणठणीत. घेणाऱ्याची बायको आत बसली आणि लगेच उतरली. म्हणाली, ‘या गाडीत मले बसवत नाही.’ फवारणीच्या औषधाचा वास होता. आम्ही ती सात वेळा धुतली, सीटा उन्हात वाळवल्या. वास गेला, तरी ती बाई बसली नाही. त्या दिवसापासून मी कोणाला ‘गाडीत काही नाही’ असं छातीठोकपणे सांगणं सोडलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. आजवर ते पूर्ण मी फक्त घरात सांगितलं होतं.

अकोल्याला मूर्तिजापूरच्या रस्त्याला एक मोठी जिनिंग होती. मालक आधीच गेले होते, आणि मुलगा राजेंद्र, सगळे त्याला राजू म्हणत, चाळिशीच्या आत गेला. वजनकाट्याजवळ उभा होता, छातीत कळ आली, तिथेच खाली बसला, तो उठला नाही. मागे राहिली त्याची आई, शकुंतलाबाई, जुना ड्रायव्हर पुंडलिक, आणि शेडमध्ये दोन गाड्या.

राजूला गाड्यांचं वेड होतं. एक होती लाल रंगाची जुनी अमेरिकन, दोन दरवाजांची, आठ सिलिंडरची. शौकीन लोक तिला मसल कार म्हणतात. दुसरी जर्मन, काळी, चार दरवाजांची, चामड्याच्या सीटांची. ताकद दोघींचीही भारी, पण स्वभाव दोन टोकांचे. अमेरिकन गाडीच्या मनात येतं ते तोंडावर. किल्ली फिरवली की अख्खं आवार दणाणतं, सरळ रस्त्यावर बाणासारखी जाते, वळण आलं की घाबरते, ब्रेक लागेपर्यंत आपण कलमा पढून घ्यावा. जर्मन गाडी सगळं मनात ठेवते. शंभरच्या पुढे गेलात तरी कपातला चहा हलत नाही, आणि तिला काय झालंय हे ती शेवटपर्यंत सांगत नाही.

जिनिंगची जागा विकली गेली होती. बाई अमरावतीला लेकीकडे राहायला जाणार होत्या. लेकीच्या अंगणात एकाच गाडीला जागा. एक ठेवायची, एक विकायची, आणि कोणती ते ठरवायला मला बोलावलं होतं.

मे महिना होता. बसनं गेलो, रस्त्यावरून आवारात चालत आलो. जिनिंग बंद पडून दोन हंगाम झाले असतील. पत्र्याच्या शेडमध्ये जाळ्याजाळ्यांवर सरकी काढलेला कापूस अडकून राहिला होता, वारा नसताना तो हळूच हलत होता. एवढ्या मोठ्या आवारात एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. पांढरी नऊवारी, चष्मा, हातात पंखा. मी विचारलं, ‘बाई, तुमाले गाडी कशासाठी पायजे? दवाखान्यात जायाले, की लांब जायाले?’

त्या म्हणाल्या, ‘मले कुठंच जायाचं नाही, हमीदभाऊ. मले एवढंच सांगा, कोणत्या गाडीत तो जास्त आहे?’

मला वाटलं, दुःखानं बोलतात. मी म्हटलं, पाहतो.

आधी लाल गाडी काढली. पुंडलिकनं ती सुरू केली आणि शेडचे पत्रे थरथरले, वरची कबुतरं उडाली. तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. बाई उजवीकडे बसल्या, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला त्याच गाडी चालवताहेत असं वाटावं. मी मागे आडवातिडवा बसलो. आवाराला एक चक्कर मारली. बाईंनी कानावर हात ठेवले होते. उतरल्यावर म्हणाल्या, ‘बापाशी भांडण झालं की तो हे गाडी काढे. हा त्याचा राग आहे. मले त्याच्या रागाचं भेव नाही वाटे, पण राग मोठा होता.’

चार वाजले. पुंडलिकनं काळी गाडी कडुनिंबाच्या सावलीत आणली. बॅटरी कमजोर, तो ती रोज दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून सुरू करत असे. मी सवयीप्रमाणे मागे बसलो, ड्रायव्हरच्या पाठीशी. बाई पुढे, डावीकडे. पुंडलिक उतरला, दारावरचं एक बटन दाबलं, दार लावलं आणि झाडाकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

ज्यांनी अशा गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीची सीट विजेवर सरकते, आणि तिच्या लक्षात राहतं. उंच माणसानं आपली जागा एक नंबरच्या बटनावर ठेवली, ठेंगण्यानं दोनवर, की नुसतं बटन दाबायचं. सीट, स्टिअरिंग, आरसे आपापल्या जागी जातात. दोन नंबर पुंडलिकचा होता. एक नंबर राजूचा.

समोरची रिकामी सीट माझ्याकडे येऊ लागली. हळूहळू, बारीक घरघर करत. थोडी खाली गेली. पाठ कलली. स्टिअरिंग पुढे आलं, बाहेरचे आरसे वळले. मग सगळं थांबलं. दोन-तीन श्वास गेले असतील, आणि सीट पुन्हा एकदा घरघरली, आणखी थोडी मागे आली आणि माझ्या गुडघ्यांना टेकली. एखादा माणूस बसल्यावर ऐसपैस होतो तसं.

‘आला का?’ बाई म्हणाल्या. मग त्या रिकाम्या सीटशी बोलू लागल्या. पाण्याची टाकी फुटली, लेकीचा फोन आला, पुंडलिक म्हातारा झाला, असंच काहीबाही. रोज चारला जिनिंगमधून येऊन राजू त्यांना या गाडीतून आवाराच्या बाहेर फिरवून आणत असे, हे मला पुंडलिकनं नंतर सांगितलं. मी मागे पाय आखडून बसून होतो.

अर्ध्या तासानं बाई उतरल्या. चेहरा पाहण्यासारखा शांत होता. मी मनात ठरवलं, काळी गाडी ठेवायची. पण तिची बॅटरी अशी मरतुकडी राहून चालणार नव्हती. मी म्हटलं, उद्या येतो आणि हिला नीट करून देतो.

इथे मी माती खाल्ली.

माझ्या उस्तादांच्या गॅरेजात एकदा ठिणगी पडून एक जीप जळाली होती. तेव्हापासून त्यांची शिस्त, कोणत्याही गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची काळी तार सोडायची. चाळीस वर्षं मी ते करत आलो. नमाजाआधी हात-पाय धुऊन वजू करावा तसं, विचार करावा लागत नाही. जुन्या गाड्यांना त्यानं काही होत नाही, कारण त्यांना काही आठवतच नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, काळी तार सोडली, बॅटरी काढून चार्जिंगला लावली, टोकं घासून लख्ख केली, तीन तासांनी परत बसवली. गाडी एका किल्लीत सुरू झाली. मी खूश.

चारला बाई येऊन बसल्या. पुंडलिकनं बटन दाबलं.

काहीच झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. सीट जागची हलली नाही. बाई वाट पाहत होत्या. त्यांचा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला. ‘काहून येत नाही?’ त्यांनी पुंडलिकला विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तार सोडली तेव्हा गाडी सगळं विसरली होती. एक नंबर कोरा झाला होता. तो माणूस मी पुसून टाकला होता, आणि वर टोकं घासून लख्ख केली होती.

मी खोटं बोललो. ‘बॅटरी नवी-नवी आहे बाई, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या होईल.’

त्या घरात गेल्यावर मी पुंडलिकला म्हटलं, आता माझी पारख कामाला लावतो. पायाखालचं रबर पाहिलं. टाचेचा खळगा चांगला खोल होता. पुंडलिक म्हणाला, माझी उंची राजूएवढीच. मी सीटवर बसलो, टाच खळग्यात बसेपर्यंत सीट मागे-पुढे केली. दाराच्या टेकूवर कोपर घासून चामडं गुळगुळीत झालं होतं, कोपर तिथे येईल अशी पाठ लावली. आरसे लावले. सगळं मनासारखं जमलं तेव्हा ती जागा एक नंबरवर ठेवून दिली. मग मागे जाऊन बसलो.

गुडघे आणि सीट यांच्यात चार बोटं जागा उरत होती.

काल सीट माझ्या गुडघ्यांना टेकली होती. मी पुन्हा पुढे बसून सीट चार बोटं मागे घेतली, तर टाच खळग्यातून बाहेर. मी पुंडलिकला विचारलं. तो म्हणाला, ‘बराबर आहे मिस्त्री. दादा एकटे असले की या जागेवर बसत. माय बाजूले बसली की मंग हातानं अजून थोडी मागे घेत. म्हणत, आता घाई नाही.’

‘हातानं? बटनात ते नव्हतं?’

‘बटनात कसं असंल? ते रोज हातानंच घेत.’

‘मग काल शेवटची चार बोटं कोणी घेतली?’

पुंडलिकनं टोपी काढून पुन्हा घातली. ‘मले काहून विचारता? मी तिकडे पाहतच नाही.’

मी सीटचा स्विच उघडून पाहिला. घासलेला, अडकलेला असता तर मला बरं वाटलं असतं. नव्यासारखा होता. सीट परत खळग्याच्या जागेवर आणून ठेवली आणि त्या रात्री अकोल्यात मावसभावाकडे राहिलो.

दुसऱ्या दिवशी चारला मी मागे बसलो. खरं म्हणजे बसायचं नव्हतं, पण मला पाहायचं होतं. पुंडलिकनं बटन दाबलं आणि झाडाकडे गेला. सीट आली, कलली, मी ठेवली होती तिथे थांबली. चार बोटं. मी श्वास मोजत होतो. एक, दोन, तीन. मग ती घरघर. सीट माझ्या गुडघ्यांना टेकली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या रिकाम्या सीटकडे झुकून, डोळे मिटून वास घेत होत्या.

‘हमीदभाऊ,’ मागे न वळता त्या म्हणाल्या, ‘काल इथं तुमी बसले होते?’

मी पाय आखडू गेलो, पण मागे जागा नव्हती.

‘त्याच्या सीटले खसच्या अत्तराचा वास येऊन राहिला. राजूले अत्तरानं शिंका येत.’

मग मी सगळं सांगितलं. काळी तार, कोरं बटन, टाचेचा खळगा. त्या ऐकत होत्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘म्हणजे आज मी बोलली असती,’ त्या म्हणाल्या, ‘ते तुमच्याशी बोलली असती.’

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. बाई, जागा मी लावली, पण शेवटची चार बोटं माझी नाहीत. सीट अजून माझ्या गुडघ्यांना टेकलेली आहे, हात लावून पाहा. एवढंच वाक्य होतं. पण एक तर चोरी नुकतीच पकडली गेली होती. त्यावर असलं काही बोललो असतो, तर म्हातारीला आणखी बनवतोय असं त्यांना वाटलं असतं. दुसरं म्हणजे मी मिस्त्री माणूस, चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की प्रत्येक आवाजाला कारण असतं. आणि तिसरं, मी घाबरलो होतो. गुडघे सोडवून घेऊन मी दार उघडलं आणि उतरलो.

बाई म्हणाल्या, ‘लाल ठेवा. तिले कोणी काही शिकवू शकत नाही.’

काळी गाडी परतवाड्याच्या एका लाकूड व्यापाऱ्यानं घेतली. मीच पास केली. इंजिन उत्तम, गिअर उत्तम, असं सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

दोनेक वर्षांनी ते व्यापारी गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आले. वैतागले होते. ‘हमीदभाई, हिची सीट चालता-चालता मांगं जाते. रोज नाही. दुपारी चारच्या सुमाराले. ब्रेकवर पाय पुरत नाही, एखाद दिवशी मरीन ना मी!’ मी विचारलं, बाजूला कोण बसतं? म्हणाले, ‘कोणी नाही, मी एकटाच असतो. बाजूले डबा ठेवतो.’

मी स्विच बदलला. सीटची मोटार उघडली, वायरी तपासल्या. काही सापडलं नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. शेवटी सीटच्या रुळात भोक पाडून जाड बोल्ट टाकला. आठवड्यानं त्यांचा फोन आला. ‘आता सरकत नाही. चारले मोटार घरघर करते थोडा वेळ, पण तेवढं चालते.’

त्यानंतर मला झोप लागेना. एका दुपारी मी बाईंच्या लेकीच्या घरी गेलो. अंगणात लाल गाडी उभी होती, टायर बसलेले, आणि बाई उजवीकडच्या सीटवर बसून तांदूळ निवडत होत्या. बॅटरी कधीच संपली होती, त्यांना तिचं काही नव्हतं. मी डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसमोर बसलो नाही. खिडकीशी उभं राहून सगळं सांगितलं. चार बोटं, दोन्ही वेळची. लाकूड व्यापाऱ्याची तक्रार. आणि त्या दिवशी मी गप्प बसलो ते.

बाईंचा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता रडतील किंवा मला हाकलतील, आणि दोन्हीची माझी तयारी होती.

त्यांनी एकच विचारलं. ‘मंग आता त्याच्या बाजूले कोण बसते?’

मला तो जेवणाचा डबा दिसला.

‘त्या माणसाची आई बसते, बाई,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ‘चांगलं झालं,’ म्हणाल्या. ‘बोलत असंल त्याच्याशी.’ आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

बोल्टाचं मी त्यांना सांगितलं नाही.